असे वाचावे

जगात रोज कुणी ना कुणी जन्मतं, कुणी ना कुणी मरतं, कुठे तह होतो, कुठे आग लागते. हा सगळा पसारा कसा चालतो याबद्दल थोरामोठ्यांची वेगवेगळी मतं आहेत. त्या गावापुरतं म्हणाल तर तो दैनिकाच्या पान सहावर, शब्दकोड्याच्या खाली आणि हवामानाच्या वर, चार बोटं रुंद चौकटीत चालायचा. आणि चालवायचे दिनूकाका.

त्यांचं नाव दिनू नव्हतं. सदराचं नाव होतं ‘दिनविशेष’. एकतीस वर्षं एकच सदर लिहिलं की माणसाचं स्वतःचं नाव साबणाच्या वडीसारखं झिजून जातं. छपाईवाल्यांनी ‘दिनविशेष’चं ‘दिनू’ केलं, डोक्यावरच्या पांढऱ्या केसांनी ‘काका’ केलं, आणि पगारपत्रकावरचं नाव कुणाचं आहे असं एकदा खुद्द त्यांनीच कारकुनाला विचारलं म्हणतात.

नोकरी मुद्रितशोधकाची. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. पुष्कळ लोक हे काम फुकट करतात. दिनूकाकांच्या टेबलामागे एक पत्र्याचं कपाट होतं आणि त्यात तीनशे सहासष्ट खाकी लिफाफे. एका तारखेला एक लिफाफा. एकोणतीस फेब्रुवारीचा लिफाफा अजून कोरा करकरीत होता, कारण त्याला चार वर्षांतून एकदाच हवा खायला बाहेर काढायचे. लिफाफ्यात कात्रणं, चिठोऱ्या, टाचणं. रोज पाच घटना, तीन जन्म, दोन मृत्यू असा हिशेब ठरलेला. एखाद्या तारखेला चौथा मोठा माणूस जन्मला असेल, तर त्याने जन्माला येण्याआधी चौकशी करायला हवी होती.

जन्माच्या खान्यात पुन्हा दोन पोटभेद. जन्मलेला माणूस अजून जिवंत असेल तर त्याचा ‘वाढदिवस’. गेला असेल तर ‘जयंती’. लोकांना वाटतं हा नुसता शब्दाचा फरक. दिनूकाकांना तो स्मशानाचा उंबरठा वाटे. जयंती लिहिण्याआधी ते चार ठिकाणी फोन करून माणूस नक्की गेलाय ना याची खात्री करत. एका म्हाताऱ्या गवयाच्या घरी त्यांनी सलग तीन वर्षं फोन केला होता. तिसऱ्या वर्षी खुद्द गवयानेच उचलला आणि म्हणाला, “तुम्हाला घाई असेल तर तसं सांगा.”

या काळजीचं फळ असं, की एकतीस वर्षांत ‘दिनविशेष’मध्ये एकही दुरुस्ती छापून आली नव्हती. पहिल्या पानावर मंत्र्याच्या फोटोखाली बैलाची ओळ आली, क्रीडा पानावर हरलेला संघ जिंकला, त्या सगळ्यांच्या दुसऱ्या दिवशी ‘असे वाचावे’ म्हणून नाकदुऱ्या काढून झाल्या. पान सहाचा डावा कोपरा मात्र धुतल्या तांदळासारखा. दिनूकाका हे सांगत नसत. फक्त कुणाची दुरुस्ती छापून आली की ते पान घडी घालून, वाचता येईल असं, टेबलावर ठेवत.

चुका दाखवणारा माणूस नव्हता असं नाही. गावात एक निवृत्त स्टेशनमास्तर होते. गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर रात्रभर झोप न लागलेला माणूस. ते महिन्याला एक पोस्टकार्ड टाकत. बारीक अक्षरात चूक दाखवायची आणि शेवटी ‘कळावे’. दिनूकाका प्रत्येक कार्डाला उत्तर पाठवत, त्यातही शेवटी ‘कळावे’. तीस वर्षं दोघे एकाच गावात एकमेकांना कळवत होते. भेटले कधी नाहीत.

आता घरचं.

दिनूकाकांना कुठल्या सेनापतीचा, कुठल्या शास्त्रज्ञाचा, कुठल्या नटीच्या दुसऱ्या नवऱ्याचा वाढदिवस कधी हे झोपेत विचारलं तरी सांगता येई. बायकोचा वाढदिवस मात्र सांगता येत नव्हता. यात त्यांचा दोष नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांचा दोष पुष्कळ येणार आहे. तो दिवस कुणालाच माहीत नव्हता. शाळेत घालताना वडिलांना तारीख आठवेना, तेव्हा हेडमास्तरांनी सगळ्यांना देत तीच दिली, एक जून. त्या वर्गात बेचाळीस पोरं होती आणि हेडमास्तरांनी एका टाकात एकोणचाळीस जन्माला घातली होती. स्वतः दिनूकाकाही एक जूनचेच. घरात दोन वाढदिवस एकाच दिवशी, दोन्ही खोटे, म्हणून एकही साजरा होत नसे.

काकू घरी शिवणकाम करत. नवे कपडे थोडे. मुख्य काम दुरुस्तीचं. पँट आखूड कर, कोट ढिला कर, फाटलेली शिवण घाल, चेन बदल. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर गावातल्या अर्ध्या पुरुषांची कंबर. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, दोन दातांत टाचणी. टाचणी तोंडात असली की काकू बोलत नसत, आणि गिऱ्हाइकं म्हणत त्यातच सगळ्यांचं भलं आहे.

त्या वर्षी काकूंना साठावं सरत होतं. एप्रिलच्या अखेरीस त्यांची मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राहायला आली. वय ब्याऐंशी. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्या डोळ्याने दोन डोळ्यांचं काम. ती मशीनशेजारी खुर्ची टाकून बसे आणि कोण आलं कोण गेलं याची नोंद ठेवी.

एक दिवस लेकीचा परगावाहून फोन आला. “आई, तुझी साठी ना एक जूनला? मी रजा टाकते.”

“टाकू नकोस,” काकू म्हणाल्या. “एक जून हेडमास्तरांचा. माझा नाही.”

फोन ठेवला तशी मावशी म्हणाली, “एक जून कुठला गं? तू तर पूल उघडला त्या दिवशीची.”

मशीन थांबलं. काकूंनी तोंडातली टाचणी काढली.

“कुठला पूल?”

“आपल्या नदीला पूल आहेत किती? एकच ना? तुझा बाप पूल बघायला गेला. पूल काय पळून जाणार होता? पण गेला. इकडे तुझ्या आईला कळा. मी बावीस वर्षांची, घरात दुसरं कुणी नाही. संध्याकाळी बाप आला फुगा घेऊन, तर घरात तू. फुगा तुझ्या पायाला बांधला मी.”

“आणि हे इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“विचारलंस कधी?”

दिनूकाका आत भिंतीला टेकून वर्तमानपत्र वाचत होते. पूल म्हटल्यावर ते बाहेर आले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर लेकीच्या लग्नातही नव्हता.

“अगं, मग अकरा मे!” ते म्हणाले. “एकोणीसशे चौसष्ट, नदीवरचा मोठा पूल वाहतुकीस खुला. दर वर्षी छापतो मी. पाच घटनांतली चौथी.”

काकूंनी खडूने टेबलावरच लिहिलं, ११ मे. आणि बघत राहिल्या. साठ वर्षांच्या बाईला स्वतःच्या वाढदिवसाची ओळख करून देणं ही गोष्ट जरा अवघडच. काय बोलायचं ते कुणालाच सुचेना.

मावशीला सुचलं. “मंगळवार होता.”

“काय?” दिनूकाका.

“मंगळवार. डॉक्टरचा दवाखाना मंगळवारी बंद असायचा. म्हणून तर सुईण बोलवायला मी अनवाणी पळाले.”

दिनूकाका हसले. मग त्यांनी मनातल्या मनात वर्ष, महिना, तारीख मांडून वार काढला. ही त्यांची खास कसरत होती, कार्यालयात पाहुणे आले की करून दाखवत. हसू तिथेच राहिलं, नुसतं जरा वाकडं झालं.

“मावशी, अकरा मेला सोमवार होता.”

“असेल. मग पूल मंगळवारी उघडला.”

“छापलेलं आहे मावशी. एकतीस वर्षं.”

“जावईबापू, छापलेलं तुमचं. पाय माझे पोळले होते.”

काकू नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे एक तर मावशी चुकतेय, नाहीतर तुमचा लिफाफा. बघा बुवा. एक जूनला कंटाळून मी दुसरी खोटी तारीख घेणार नाही. जुनी आहे ती काय वाईट आहे?”

दुसऱ्या दिवशी दिनूकाका वेळेच्या आधी तासभर कार्यालयात गेले. अकरा मेचा लिफाफा काढला. पुलाची मूळ चिठ्ठी त्यांच्या आधीच्या उपसंपादकांच्या हातची होती. ते गृहस्थ टाकाने लिहीत आणि टाक झटकत. त्यांचा एक नवासारखा आणि नऊ एकासारखा. फरक काय तो शेपटीचा. तारखेच्या दुसऱ्या आकड्याच्या शेपटीवर नेमका शाईचा थेंब बसलेला. एकतीस वर्षांपूर्वी नवीन असताना दिनूकाकांनी तो थेंब पाहिला होता, क्षणभर विचार केला होता, आणि अकरा मेच्या लिफाफ्यात तेव्हा चारच घटना आहेत हे बघून त्याचा ‘एक’ वाचला होता.

थेंबाच्या खाली ‘एक’ असेल किंवा ‘नऊ’. एकोणीस मेचा वार त्यांनी काढला. मंगळवार.

मग त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. माणसाच्या आठवणीला अक्कल नसते, नको तिथे चालते. खालच्या खणात ‘निराधार तक्रारी’ असं लिहिलेला एक गठ्ठा होता. त्यात तळाशी स्टेशनमास्तरांचं सगळ्यात पहिलं कार्ड. ‘पूल ११ रोजी उघडला नाही. त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. १९ रोजी सुट्टी घेऊन पाहावयास गेलो होतो. कळावे.’ आणि त्याला पिनने लावलेली दिनूकाकांच्या उत्तराची नक्कल: ‘वय झाले की सुट्ट्यांचा घोळ होतो. कळावे.’ तेव्हा स्टेशनमास्तर पन्नाशीतले होते.

संध्याकाळी नवरा-बायको पुलावर गेले. पुलाच्या तोंडाशी उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे, हे दोघांनाही माहीत होतं. दिनूकाका तिच्यावरून एकतीस वर्षं रोज दोनदा जात. इतिहास ज्याच्या कपाटात असतो त्याला रस्त्यातला वाचायची गरज पडत नाही. पाटीवर केस गळतीच्या औषधाची जाहिरात होती, तिच्याखाली हरवलेला कुत्रा, त्याच्याखाली निवडणुकीतला एक उमेदवार, तोही आता हरवलेलाच. दिनूकाका किल्लीने खरवडायला लागले.

“सरका,” काकू म्हणाल्या. पर्समधून त्यांनी कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं, टाके उसवायचं. कुत्र्याची एक कड सोडवली, मग हळूहळू, उभा धागा सोडवावा तसा, अख्खा कागद सोलून काढला. उमेदवार जरा चिवट निघाला. खाली दगडात कोरलेलं होतं. दगडात कोरलेल्या नवाची शेपटी चांगली लांब होती, आणि तिच्यावर थेंब नव्हता.

१९ मे.

काकू बराच वेळ तिथे बोट फिरवत उभ्या राहिल्या. मागून एक स्कूटरवाला ओरडला, “ओ काकू, दगडाचं माप घेताय काय?”

“हो,” काकू म्हणाल्या. “बरोबर बसलं.”

आता खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी. तारीख सापडली, बायको खूश. पण तारीख सापडणं वेगळं आणि ती छापणं वेगळं.

त्याचं असं झालं होतं, की दिनूकाकांच्या चौकटीवर विसंबून नगरपालिकेने वीस वर्षांपूर्वी अकरा मे हा ‘सेतू दिन’ ठरवून टाकला होता. त्या दिवशी पुलाला दिवे लावत, नगराध्यक्ष पुलाच्या मधोमध उभे राहून ‘आजच्याच दिवशी’ असं भाषण करत. ज्या पाटीशेजारून ते चालत जात तिच्यावर काय लिहिलंय हे बघण्याचं त्यांना कारण नव्हतं. त्यांच्याजवळ वर्तमानपत्राचं कात्रण असे.

दिनूकाका संपादकांकडे गेले. संपादक तरुण होते आणि पान सहा वाचत नसत. जे घडून गेलं त्यात बातमी ती काय, असा त्यांचा रोकडा विचार.

“दुरुस्ती?” संपादक म्हणाले. “दिनूकाका, तुम्ही? अहो, तुम्ही म्हणजे या कार्यालयातली शेवटची अब्रू आहात.”

“पण तारीख चुकलीय.”

“साठ वर्षांपूर्वीचा पूल आहे. उभा आहे ना? मग. पुढच्या वर्षी गुपचूप हलवा एकोणीसला. कोण बघतंय? आणि अकराला पालिकेची पानभर जाहिरात आहे, तिच्या तोंडावर ‘असे वाचावे’ करू नका.”

दिनूकाकांना हे पटलं. खरं सांगायचं तर ते पटवून घ्यायलाच गेले होते. एकतीस वर्षांची पाटी कोरी राहणार, बायकोला तारीख मिळाली आहेच, पूल पुढच्या वर्षी गुपचूप सरकेल. सगळ्यांचंच साधलं. घरी येऊन त्यांनी हे शहाणपण काकूंना समजावून सांगितलं.

काकू एका पँटीची शिवण उसवत होत्या. मान वर केली नाही.

“म्हणजे अकरा मेला तुम्ही परत छापणार, पूल आज उघडला.”

“या वर्षी शेवटचं.”

“म्हणजे माझा वाढदिवस मला माहीत, मावशीला माहीत, दगडाला माहीत, आणि माझा नवरा गावभर सांगणार की तो आठ दिवस आधी होऊन गेला.”

“तुझं नाव कुठे असतं त्यात? पूल म्हणतो मी, पूल!”

“माझ्या बापाने फुगा कुठून आणला होता?”

दिनूकाका खुंटीवरची कुणाची तरी पँट सरळ करू लागले.

“हे बघा,” काकू म्हणाल्या आणि पँट पुढे धरली. “ही शिवण माझीच. मागच्या महिन्यात घातलेली. वाकडी गेली. मी दिवसाला दहा शिलाया उसवते, त्यातल्या तीन माझ्या असतात. गिऱ्हाइकासमोर उसवते. त्यात कुणाची अब्रू गेली? वाकडी शिवण तशीच ठेवून वर इस्त्री फिरवली तर जाते. तुम्ही एकतीस वर्षं नुसती इस्त्री फिरवताय.”

खुर्चीतून मावशी म्हणाली, “आणि मंगळवार होता.”

“हो मावशी!” दोघंही एकदम ओरडले.

काकूंनी टाचणी पुन्हा उचलली. ती तोंडात धरायच्या आधी एवढंच म्हणाल्या, “साठी एकदाच येते. मला दिवे नकोत, भाषण नको. दिवस तेवढा माझा असू दे. नसेल जमत तर एक जून आहेच, एकोणचाळीस जणांत मीही मावते.”

अकरा मेला नगराध्यक्षांनी पुलावर भाषण केलं. त्यांच्या हातात गेल्या वर्षीचं कात्रण होतं, कारण त्या दिवशीच्या ‘दिनविशेष’मध्ये पूल नव्हता. चारच घटना. जगातल्या चार घटना आणि खाली बोटभर पांढरी जागा. नगराध्यक्षांना ती दिसली नाही. स्टेशनमास्तरांना दिसली. कार्ड आलं: ‘पूल कोठे गेला? कळावे.’ तीस वर्षांत पहिल्यांदा दिनूकाकांनी कार्डाला उत्तर दिलं नाही.

एकोणीस मे रविवारी येत होता. रविवारची पानं शनिवारी लावतात आणि शनिवारी संपादक पोहायला जातात. दिनूकाकांनी दुरुस्ती स्वतःच्या हाताने लिहिली. सात वेळा लिहिली. पहिल्या सहा वेळा तिच्यात आधीच्या उपसंपादकांचा थेंब होता. सातव्या वेळी थेंब काढला. ‘नदीवरील पूल ११ मे १९६४ रोजी खुला झाल्याचे या सदरातून गेली एकतीस वर्षे प्रसिद्ध होत आहे. ती चूक सदर लिहिणाऱ्याची आहे. पूल १९ मे रोजी खुला झाला, असे वाचावे. ही चूक एका वाचकाने तीस वर्षांपूर्वीच दाखवली होती.’

मग आणखी एक गोष्ट केली, जी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. जन्माच्या खान्यात एक आरमारी कप्तान होता, एक गणिती होता. तिसऱ्या जागी वनस्पतींवर पुस्तकं लिहिणारे एक गृहस्थ दर वर्षी येत. दिनूकाकांनी त्या गृहस्थांना यंदा विश्रांती दिली, आणि लिहिलं: ‘१९६४ : शिलाई व दुरुस्तीच्या क्षेत्रात चाळीस वर्षे अखंड सेवा’, आणि पुढे काकूंचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट.

शनिवारी संध्याकाळी पान तपासायला आलं. दिनूकाकांनी दुरुस्तीतला प्रत्येक एक आणि प्रत्येक नऊ भिंगाखाली धरला. तेरा वेळा वाचलं. काकूंच्या नावातली वेलांटी तपासली. मग सही केली आणि घरी जाताना पुलावर थांबून दोन्ही हातांनी कठड्याला धरून उभे राहिले. रात्री चांगली झोप लागली.

सकाळी साडेसातला पहिली शेजारीण रडत आली.

दार काकूंनीच उघडलं. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान. शेजारणीने त्यांच्याकडे पाहिलं, किंकाळी फोडली, आणि हातातली पांढरी फुलं पायरीवर पडली.

“अगं, झालं काय?”

“तुम्ही... पेपरात...”

पेपर आणला गेला. दुरुस्ती जशीच्या तशी होती. एकही एक आणि एकही नऊ हललेला नव्हता. नाव बिनचूक, वेलांटी जागेवर. फक्त जन्माच्या खान्यात दोन मथळे असायचे, त्यांचा एकच झाला होता. त्या दिवसाच्या यादीत जिवंत माणूस एकच. पान लावणाऱ्या बाईला जागा कमी पडली, तिने एका ओळीसाठी ‘वाढदिवस’चा वेगळा मथळा ठेवला नाही आणि काकूंना वरच्या दोघांबरोबर सरकवलं. कप्तान, गणिती आणि काकू. वर ठळक अक्षरात: ‘जयंती’.

मथळ्यातली चूक कुणालाच दिसत नाही, हे मुद्रितशोधकाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. दिनूकाका स्वतः ते तीन पिढ्यांना शिकवून बसले होते. आता ते पायजम्यावर, पेपर हातात धरून, दारात उभे होते आणि त्यांचा रंग त्या फुलांसारखा झाला होता.

काकूंनी पेपर घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,” त्या म्हणाल्या. “तुमची मला मारल्याशिवाय गेली नाही.”

“अगं, मी तेरा वेळा...”

“आयुष्यात एकदा माझं नाव छापलंत. तेही पुढे पाठवून.”

मग लोक यायला लागले. रविवार, सगळ्यांना सुट्टी, सगळ्यांनी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचलेला. कोपऱ्यावरचा दूधवाला आला, पलीकडच्या गल्लीतले तीन कारकून आले, काकूंच्या वर्गातल्या एक जूनच्या चौघी जणी आल्या. प्रत्येक जण दारात थबके, काकूंना बघे, आणि रडावं की हसावं हे न कळून आत येऊन बसे. एक लठ्ठ गृहस्थ डोळे पुसत आले, दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले आणि मग दबक्या आवाजात दिनूकाकांना म्हणाले, “वेळ बरोबर नाही, पण माझा कोट त्यांच्याकडे होता. झाला होता का?”

“बाह्या राहिल्यात,” काकू आतून म्हणाल्या.

गृहस्थ खाली बसले ते पाणी मागतच.

चहाची दोन पातेली झाली. कप कमी पडले तसे लोक मापाच्या टेबलाभोवती पाळीपाळीने पिऊ लागले. पांढरी फुलं इतकी जमली की काकूंनी ती बादलीत घालून मशीनवर ठेवली. मावशी एका डोळ्याने दरबार भरवून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पूल, फुगा आणि अनवाणी पाय पहिल्यापासून सांगत होती. चौथ्या खेपेला सुईण बोलवायला ती दोन मैल पळाली, सातव्या खेपेला पाच.

“वाढदिवस म्हणून छापलं असतं तर किती आली असती गं माणसं?” काकूंनी तिला हळूच विचारलं.

“वाढदिवसाला?” मावशी म्हणाली. “वाढदिवसाला पेपर वाचून कोण येतं? लेक आली असती. तीही रजा मिळाली तर.”

लेक दुपारी आलीच. तिला वाटेत कुणीतरी फोन करून कळवलं होतं, त्यामुळे मावशीला फोन लागेपर्यंत ती दीड तास रडत होती आणि आल्यावर अर्धा तास बापाशी भांडली. मग आईच्या पायाशी बसली आणि खिशातून एक फुगा काढला. फुग्याची गोष्ट मावशीनेच फोनवर सांगितली होती.

सगळ्यात शेवटी, लोक पांगल्यावर, एक ताठ म्हातारे दारात उभे राहिले. कोटाची बटणं गळ्यापर्यंत, हातात फुलं नाहीत. त्यांनी आधी खिशातलं घड्याळ पाहिलं.

“दिनविशेषवाले आपणच का?”

“मीच,” दिनूकाका म्हणाले. त्यांनी हा आवाज कधी ऐकला नव्हता, पण त्यातलं बारीक अक्षर ओळखलं.

“आपली दुरुस्ती वाचली. तीस वर्षं उशिरा पोचली.” स्टेशनमास्तर थांबले. “पोचली.” मग काकूंकडे वळून म्हणाले, “बाईंच्या निधनाबद्दल वाईट वाटलं होतं. ते मागे घेतो.”

“बसा की,” काकू म्हणाल्या. “पूल बघायला गेला होतात ना तुम्ही? फुगेवाला होता का हो तिथे?”

“होता. पुलाच्या अलीकडे. एकजण त्याच्याशी घासाघीस करत होता, त्यामुळे रांग अडली होती.”

“हिचा बाप,” मावशी म्हणाली.

संध्याकाळी दिनूकाका मापाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. कालपर्यंत एकतीस वर्षांत एकही दुरुस्ती नव्हती. आता एका रात्रीत दुसरी. संपादकांचा फोन येऊन गेला होता. मग खुद्द नगराध्यक्षांचाही आला. दिनूकाकांनी दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं, दगड वाचून घ्या.

‘कालच्या अंकात,’ ते लिहू लागले, ‘पान सहावर ‘जयंती’ असे छापले गेले, ते ‘वाढदिवस’ असे वाचावे. सदर बाई हयात असून...’

“असून काय?” काकूंनी खांद्यावरून डोकावत विचारलं.

“तेच सुचत नाहीये.”

“लिहा, हयात असून ज्यांचे कपडे दुरुस्तीला आहेत त्यांना ते मंगळवारी मिळतील.”

दिनूकाकांनी वर पाहिलं. एकतीस वर्षांत या चौकटीत असल्या मजकुराची भर पडली नव्हती. त्यांनी लिहिलं. वाचलं. मथळाही वाचला, तीनदा.

मग कागदाचा एक छोटा तुकडा फाडला, त्यावर काकूंच्या जन्माची चिठ्ठी नीट बसून लिहिली, आणि उद्या एकोणीस मेच्या लिफाफ्यात टाकायची म्हणून खिशात ठेवली. तारीख त्यांनी तिच्यावर आकड्यात घातली नाही. अक्षरी घातली, सरळ, शेपटी नसलेली: एकोणीस.